निवळ

मासिकाच्या पानावर बीअर हा शब्द पाहतांच कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, व हें मासिक घरांतील मुलांबाळांच्याहि हातीं पडतें याची आम्हांस आठवण करून देण्याची त्यांस इच्छा होईल. त्यांच्या समाधानासाठीं आरंभींच सांगून टाकतों कीं, ज्या पेयाविषयीं आम्ही येथें चार पानें खर्च करणार आहों, त्याचा एक थेंबहि आमच्या जिभेस आजवर लागलेला नाहीं. विलायतेस जातांना मातोश्रींस वचन देऊन जाण्याची आपल्याकडील परंपरा थोर आहे. ती आम्हीहि पाळली, आणि परत आल्यावर वचन पाळल्याचें सांगतांना आम्हांस खालीं पाहावें लागलें नाहीं. खालीं पाहावें लागावें असें जें घडलें तें पिण्यासंबंधीं नव्हतें, पाहण्यासंबंधीं होतें. आणि त्याबद्दल आमच्याकडून कोणी वचन घेतलें नव्हतें.

१९९७ सालच्या सप्टेंबरांत इंग्रजी निबंधवाङ्मयाच्या अभ्यासासाठीं आम्ही एका वर्षाकरितां इंग्लंडास गेलों. अभ्यास लीड्स येथें आणि बिऱ्हाड ब्रॅडफर्ड येथें, अशी आमची वांटणी झाली होती. दोन्ही शहरें यॉर्कशरमधलीं, मध्यें आगगाडीचा वीसबावीस मिनिटांचा प्रवास, आणि ब्रॅडफर्डची खोली आमच्या शिष्यवृत्तीस झेपण्यासारखी. घरमालक एकाहत्तर वर्षांचे विधुर होते. त्यांचें नांव येथें देत नाहीं. आम्ही त्यांस आडनांवापूर्वीं मिस्टर लावून हांक मारीत असूं, आणि ते आम्हांस 'पोरा' म्हणत. आमचें वय त्या वेळीं अठ्ठावीस होतें, व स्वदेशीं 'सर' म्हणवून घेण्याची संवय लागून चार वर्षें झालीं होतीं. तरीहि त्या 'पोरा'चा आम्हांस राग आला नाहीं. यॉर्कशरच्या बोलींतील त्या हांकेंत एक खरखरीत जिव्हाळा असतो, आणि घरापासून पांच हजार मैलांवर तो गोड लागतो.

म्हातारेबुवांनीं सारा जन्म लोकरीच्या गिरणींत रंगारी म्हणून काढला होता. ब्रॅडफर्डचें पाणी मृदु, लोकर धुण्यास व रंगविण्यास फार सोयीचें. एकोणिसाव्या शतकांत लोकरीवरच तें गांव वाढलें. आमच्या वेळीं गिरण्यांच्या दगडी इमारती उभ्या होत्या, परंतु बहुतेकांचीं धुराडीं थंड पडलीं होतीं. रंगाऱ्याचें सारें भांडवल म्हणजे त्याचा डोळा. गिऱ्हाइकानें पाठविलेला नमुना आणि रंगांतून निघालेली लड हीं दोन्ही उत्तरेकडच्या खिडकीशीं नेऊन पाहावयाचीं, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. आणि दोहोंत केसभर फरक असला तरी तो ओळखावयाचा. आपण चाळीस वर्षांत तीनदांच चुकलों असें ते सांगत, व त्या तिन्ही चुका तारीखवार सांगत.

त्यांच्या अभिमानाचा दुसरा विषय म्हणजे घरीं केलेली बीअर. आपल्याकडे असें कांहीं ऐकतांच पोलिसाची आठवण होते. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा, आणि महाराष्ट्रांत परवान्यावांचून घरीं दारू करणें हा आजहि गुन्हा आहे. इंग्लंडांत देखील १९६३ पर्यंत घरगुती बीअरसाठीं परवाना काढावा लागे. त्या वर्षीं अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं ही अट उठविली, आणि विकावयाची नसेल तर खुशाल करा अशी मुभा दिली. म्हातारेबुवांचा उद्योग त्यानंतर लौकरच सुरू झाला होता. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारीं स्वैंपाकघर त्यांच्या ताब्यांत जाई. मोड आणून वाळविलेले व थोडे भाजलेले जव भरडून ते गरम पाण्यांत तास-दीड तास ठेवावयाचे; पाणी उकळतें नव्हे, पासष्टसहासष्ट अंशांचें, म्हणजे जवांतील पिठुळ अंशाची साखर होते. तें गोड पाणी गाळून घेऊन त्यांत हॉपचीं वाळलेलीं फुलें घालावयाचीं, तासभर खळखळ उकळावयाचें, थंड करावयाचें, यीस्ट टाकावयाचें, आणि आठवडाभर झांकून ठेवावयाचें. एका वेळेस पांच गॅलन, म्हणजे बावीसतेवीस लिटर. त्याच्या चाळीस बाटल्या होत. त्या शनिवारीं घरभर जो वास सुटे तो आम्हांस आमच्या आजोळच्या आंबिलीची आठवण करून देई. हें आम्हीं त्यांस सांगितलें तेव्हां आंबील म्हणजे काय हें समजावून देण्यांत एक संध्याकाळ गेली.

ही बीअर चवीला उत्तम आहे असें शेजारीपाजारी म्हणत. परंतु ती गढूळ होई. आणि म्हातारेबुवांचा ब्रिस्टलचा जांवई, हा दुकानची झगझगीत पिवळी बीअर पिणारा गृहस्थ, मागील नाताळांत तिला चारचौघांत 'सूप' म्हणाला होता. तो शब्द त्यांच्या उरांत रुतून बसला होता. सासऱ्यानें जांवयाचें बोलणें मनाला लावून घ्यावें हें आपल्या समजुतीप्रमाणें योग्यच. तिकडे तसें नसतें असें जें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें तें खोटें निघालें.

बीअर निवळ असावी हा आग्रह तसा फार जुना नाहीं. कथलाच्या किंवा मातीच्या मगांतून पिणाऱ्या पिढ्यांना आंत काय आहे तें दिसतच नसे. १८४२ च्या ऑक्टोबरांत बोहेमियांतील पिल्सेन शहरीं योसेफ ग्रोल नांवाच्या बव्हेरियन कारागिरानें सोनेरी, पारदर्शक बीअर तयार केली. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालीं उठला. आणि स्वस्त काचेचा पेला व पारदर्शक पेय यांची अशी गांठ पडली कीं, पिणाराच्या जिभेआधीं त्याचा डोळा निवाडा देऊं लागला. गढूळपणानें चवींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं हें म्हातारेबुवा स्वतःच कबूल करीत. बव्हेरियांत गव्हाची बीअर यीस्टसकट गढूळच पितात. आणि अलीकडे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांतून निघालेल्या एका प्रकाराचें तर धुकट दिसणें हेंच भूषण समजतात. म्हातारेबुवांनीं हें ऐकलें असतें तर ते जें म्हणाले असते तें या मासिकांत छापतां आलें नसतें.

आम्ही पीत नाहीं हें कळल्यावर त्यांस वाईट वाटेल अशी आमची अपेक्षा होती. उलट त्यांस आनंद झाला. "पोरा, मला असाच माणूस हवा होता," ते म्हणाले. "पिणारा माणूस चवीवर खूष होतो आणि मग रंगाविषयीं खोटें बोलतो. तूं लांच खाणार नाहींस." अशा रीतीनें आमची न्यायाधीशाच्या जागीं नेमणूक झाली. न्यायदानाची रीत अशी: पेला टेबलावर ठेवावयाचा, त्याच्यामागें त्या दिवसाचें वर्तमानपत्र उभें धरावयाचें, आणि पेल्यांतून दिसणारा मजकूर आम्हीं मोठ्यानें वाचावयाचा. ऑक्टोबरच्या आरंभीं जी पहिली बाटली आमच्यापुढें उघडली गेली तिच्यांतून आम्हांस मथळाहि वाचतां आला नाहीं. तसें आम्हीं स्पष्ट सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि एका वहींत कांहीं टिपून ठेवलें.

गढूळपणाचीं कारणें अनेक असतात, आणि रंगाऱ्याच्या शिस्तीनें त्यांनीं तीं एकेक करून तपासलीं. पिठुळ अंश पुरता साखरेंत उतरला नसेल तर बीअर धुकट होते. म्हणून त्यांनीं बशींत थोडी बीअर घेऊन आयोडिनचा थेंब टाकला. पीठ असतें तर निळाकाळा रंग आला असता. तो आला नाहीं. कोठून तरी रानटी यीस्ट अथवा जंतु शिरले तर ती कधींच निवळत नाहीं. पण मग चवहि बिघडते, आणि चव शाबूत होती. उरलीं जवांतील प्रथिनें. हीं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखीं असतात: जोरानें उकळलें कीं गोठतात, गोळे होऊन तळाशीं बसतात. आंच मंद ठेवली, किंवा उकळलेलें पाणी रात्रभर आपोआप निवत ठेवलें, तर तीं पुरतीं गोठत नाहींत आणि पेल्यापर्यंत सोबत करतात. म्हातारेबुवा आजवर रात्रभरच निवत ठेवीत आले होते. पुढच्या खेपेस त्यांनीं तांब्याच्या नळीचें वेटोळें करून तें उकळत्या भांड्यांत सोडलें, त्यांतून नळाचें थंड पाणी खेळविलें, आणि सारा प्रकार वीस मिनिटांत थंड केला. शिवाय उकळी संपण्यापूर्वीं दहापंधरा मिनिटें त्यांत चमचाभर वाळलेलें समुद्रशेवाळ टाकलें. त्याला आयरिश मॉस म्हणतात. तें आयर्लंडच्या खडकांवर होतें. त्याचा विद्युद्भार प्रथिनांच्या उलट असतो, त्यामुळें तें प्रथिनांस कवटाळून खालीं नेतें.

हें पाहतांना आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. आजीचें घर कृष्णाकांठीं. आषाढांत नदीचें पाणी चहासारखें येई. आजी तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून घागरींत चार वेळां फिरवी आणि घागर कोणास हलवूं देत नसे. तिच्या लहानपणीं तुरटीऐवजीं निवळीचें बीं वापरीत. तें मडक्याच्या आंतल्या बाजूस घांसून मग पाणी भरावयाचें. झाडाचें नांवच निवळी, यावरून तें किती जुनें ज्ञान असेल तें दिसतें. संस्कृतांत त्यास कतक म्हणतात, आणि मनुस्मृतींत त्याचा उल्लेख मोठ्या मार्मिक ठिकाणीं आला आहे: त्याचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. म्हातारेबुवांना मनूशीं कर्तव्य नव्हतें, पण तुरटी त्यांच्या ओळखीची निघाली. लोकरीवर रंग पक्का बसावा म्हणून ती वापरतात. "तुझी आजी माझ्याच धंद्यांतली," ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून आमच्या आजीच्या प्रकृतीची ते नियमानें चौकशी करूं लागले. ती वारून नऊ वर्षें झालीं होतीं हें सांगण्याची वेळ निघून गेली, आणि मग तें सांगणें आम्हांस अवघड होऊन बसलें. हेंहि एक प्रकारचें खोटेंच. पण तें निरुपद्रवी होतें, व खोटेपणाची आमची तयारी त्यांतच झाली असावी.

दुसरी खेप नोव्हेंबरअखेर उघडली. पेल्यांतून आम्हीं अग्रलेखाच्या चार ओळी वाचल्या. म्हातारेबुवांनीं त्या रात्रीं आम्हांस स्वतःच्या हातानें आल्याची बिस्किटें खाऊं घातलीं. नाताळास मुलगी, जांवई व दोन नातवंडें आलीं. जांवई सवयीप्रमाणें थंड पिणारा. त्यानें सासऱ्यास न विचारतां चार बाटल्या आदल्या रात्रीं शीतपेटींत ठेवल्या. दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या टेबलावर पहिली बाटली ओतली गेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पेल्यांत धुकें उतरलें होतें! कोणी कांहीं बोललें नाहीं. जांवयानें नुसत्या भुंवया वर केल्या. तेवढें पुरेसें होतें.

या प्रकाराला शीतधुकें म्हणावें. प्रथिनांचे कांहीं अंश व जव-हॉपांतील तुरट द्रव्यें थंडींत एकमेकांस सैल मिठी मारतात. ऊब लागली कीं मिठी सुटते आणि बीअर पुन्हा निवळते. इंग्रजी पद्धतीची बीअर तळघराच्या बारा अंशांवर प्यावयाची. तेथें हें धुकें बहुधा दिसत नाहीं. त्याच दिवशीं दुपारीं टेबलावर उरलेला पेला उबेनें निवळला होता, तो आम्हीं जांवयास दाखविला सुद्धां. पण तोंपर्यंत तो टेलिव्हिजनपुढें झोंपीं गेला होता.

पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशीं तिसरी खेप चुलीवर चढली. या वेळीं म्हातारेबुवांनीं कसलीच उणीव ठेवली नाहीं. उकळी जोराची, शेवाळ मोजून, वेटोळें आधींपासून तयार. आंबण्याचें काम संपल्यावर त्यांनीं तें पिंप परसांतल्या छपरीखालीं नेऊन ठेवलें. बाहेर जानेवारीची थंडी, पाणी गोठण्याच्या बेताची. धुकें जें धरावयाचें तें येथेंच धरावें आणि तळाशीं बसावें, असा त्यांत हेतु. शिवाय त्यांत आयसिंग्लास घातलें. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीपासून काढलेला अगदीं शुद्ध सरस. तो यीस्टच्या कणांस जाळ्यासारखा गोळा करून खालीं घेऊन बसतो. पूर्वीं तो रशियांतून येई. पण आमच्या देशाचाहि त्यांत वांटा आहे. सहारणपूरच्या वनस्पतिबागेचे एके काळचे प्रमुख जॉन फोर्ब्स रॉइल यांनीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील या सरसावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें, तें १८४२ सालीं, म्हणजे पिल्सेनच्या त्या सोनेरी बिअरीच्याच वर्षीं, लंडनांत प्रसिद्ध झालें. आमच्या कोंकणकिनाऱ्यावरील घोळ माशाच्या पिशवीला आजहि सोन्याचा भाव येतो. हें सारें आम्हीं विद्यापीठाच्या ग्रंथालयांतून शोधून काढून म्हातारेबुवांस सांगितलें, व त्यांनीं तें वहींत लिहून घेतलें. निवळ बिअरीसाठीं माशाचें आंतडें घालावें लागतें हें ऐकून शाकाहारी लोक तिकडे कुरकूर करूं लागले, आणि गिनेससारख्या मोठ्या कंपनीनें आपण हें सोडून देत आहों असें २०१५ सालीं जाहीर केलें. पण ती पुढची गोष्ट.

या सुमारास कांहीं गोष्टी आमच्या नजरेस आल्या होत्या, आणि आम्हीं त्यांकडे पाहिलें नव्हतें. स्वैंपाकघरांतला दिवा मंद झाला आहे असें म्हणून म्हातारेबुवांनीं तो दोनदां बदलला. रस्त्यावरील दिव्यांभोंवतीं हल्लीं वलयें दिसतात, हवा खराब झाली आहे, असें ते म्हणत. वर्तमानपत्राची शाई पूर्वीची राहिली नाहीं अशी त्यांची तक्रार होती. पेला पाहण्यापूर्वीं ते आतां तो सदऱ्याच्या टोंकानें तीनतीनदां पुसत. एकदां आम्ही निळे मोजे घालून बसलों असतां, काळे मोजे तुला शोभतात, असें ते म्हणाले. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें निळ्याच्या अठरा छटा वेगळ्या ओळखल्या, त्यानें निळ्यास काळें म्हणावें आणि आपण हंसून मान हलवावी! आम्हांस तें केवळ म्हातारपण वाटलें. म्हातारपण हें एकच उत्तर सर्व प्रश्नांस पुरविण्याची तरुणांची संवय वाईट आहे. आतां आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडली असल्यामुळें तें विशेष जाणवतें.

३० जानेवारी १९९८, शुक्रवार. रात्रीचें जेवण झाल्यावर तिसऱ्या खेपेची पहिली बाटली आली. म्हातारेबुवांनीं ती तळाचा गाळ न हलवितां अगदीं संथ धारेनें ओतली, फेस बसूं दिला, आणि नेहमींच्या रीतीस सोडून, आमच्या वाचनापूर्वीं स्वतःच पेला उचलून दिव्यासमोर धरला. बराच वेळ ते तसेच पाहत राहिले. मग त्यांनीं पेला खालीं ठेवला.

"गढूळ," ते म्हणाले. "पुन्हा गढूळच. बघ तूं."

पेल्याच्या मागें वर्तमानपत्र होतें. इंग्लंड व वेस्ट इंडीज यांच्यामधील जमैकाचा कसोटी सामना खेळपट्टी धोक्याची ठरल्यामुळें आदल्या दिवशीं तासाभराच्या आंत बंद करावा लागला होता, ती बातमी. पेल्यांतून आम्हांस मथळा दिसत होता, मथळ्याखालचा मजकूर दिसत होता, आणि काचेच्या बांकामुळें अक्षरें किंचित फुगलेलीं असलीं तरी तिसरी ओळ सुद्धां स्वच्छ वाचतां येत होती. असली निवळ बीअर आम्हीं त्यापूर्वीं दुकानांतहि पाहिली नव्हती.

आम्हीं मोठ्यानें वाचावयास हवें होतें. तोच नियम होता. पण म्हातारेबुवा आमच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडून निवाडा आधींच बाहेर पडला होता. त्यांस जन्मभराचा अनुभव, आम्हांस चार महिन्यांचा. ते घरमालक, आम्ही पाहुणे. वडील माणसानें काळें म्हटल्यावर आपण पांढरें म्हणूं नये हें आमच्या हाडींमाशीं खिळलेलें. शिवाय मनांत असाहि विचार येऊन गेला कीं, रंगाऱ्याच्या डोळ्यास जें सूक्ष्म धुकें दिसतें तें आमच्या डोळ्यास दिसत नसेल. दोष असेल तर आमचाच. हे सर्व विचार येण्यास जितका वेळ लागला तितकाच वेळ आम्ही गप्प बसलों, आणि मग म्हणालों, "होय, किंचित धूसर आहे खरी."

त्या निवळ बिअरीविषयींचें तें निव्वळ खोटें. ती तारीख गांधीजींची पुण्यतिथि होती, आणि तीहि पन्नासावी. हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाढी करतांना आठवलें. नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं असें मनु म्हणतो. गढूळ मात्र होतें, असें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

आमचा धंदा शिकविण्याचा. तेव्हांपासून आजवर तोंडी परीक्षेस बसलेले कितीतरी विद्यार्थी आम्हीं पाहिले. पुस्तक त्यांनीं स्वतः वाचलेलें असतें, त्यांस त्यांत कांहींतरी स्पष्ट दिसलेलेंहि असतें. पण समोरच्या परीक्षकानें भुंवई उंच केली कीं तें दिसेनासें होतें. अशा वेळीं आम्ही त्यांस, "पेल्यामागें काय लिहिलें आहे तें वाचा," असें म्हणतों. त्यांस त्याचा अर्थ कळत नाहीं, आणि महाविद्यालयांत आमच्या विक्षिप्तपणाबद्दल जी ख्याति आहे तिला थोडी भर पडते.

रविवारीं आम्ही लीड्सहून परत आलों तेव्हां परसांतल्या गटारापाशीं रिकाम्या बाटल्यांची रांग लागली होती. सदतीस-अडतीस तरी असतील. म्हातारेबुवा बाहेर गारठ्यांत उभे राहून शेवटचें क्रेट उपडें करीत होते. मोरींतून फेस वर येत होता. आम्हांस अजूनहि बोलतां आलें असतें. आम्हीं बाटल्या धुवूं लागण्यास हात लावला, आणि त्यांनीं आमचे आभार मानले.

त्यानंतर शनिवारीं घरांत तो आंबिलीसारखा वास कधीं आला नाहीं. मार्चमध्यें त्यांनीं बॉयलर, वेटोळें आणि पिंप शेजारच्या एका तरुणास देऊन टाकलें. "हात गेला," एवढेंच ते म्हणाले. हात! रंगाऱ्याला डोळा गेला असें म्हणण्याचें धैर्य झालें नसेल. कदाचित् तसा संशयहि आला नसेल, कारण संशय येण्यासारखें एकच प्रमाण त्या घरांत होतें, आणि तें आमच्या तोंडांत होतें. त्या रात्रीं आम्हीं ती तिसरी ओळ वाचून दाखविली असती तर मग चूक कोठें आहे हें त्यांच्यासारख्या शिस्तीच्या माणसास उमगण्यास आठवडा लागला नसता. उन्हाळा आला, रात्रीं दहापर्यंत उजेड राहूं लागला, पण म्हातारेबुवा संध्याकाळचे बाहेर पडेनासे झाले. क्रिकेटचें वर्णन ते रेडिओवर ऐकत. सप्टेंबरांत आम्ही निघालों, तेव्हां स्टेशनावर पोंचविण्यास आले नाहींत. दारांतूनच हात हलविला, आणि तो आमच्याऐवजीं शेजारच्या मोटारीच्या दिशेनें हलविला.

१९९९ च्या ऑगस्टांत त्यांचें पत्र आलें. अक्षर पूर्वीसारखें बारीक व सरळ. बसच्या पाटीवरचा आंकडा चुकून भलत्याच गांवीं जाऊन पोंचल्यामुळें मुलीनें त्यांस डोळे तपासावयास नेलें. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु, आणि तो दोनतीन वर्षांपासून वाढत असला पाहिजे असें डॉक्टरांचें म्हणणें पडलें. नंबर लागण्यास आठ महिने गेले. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस अर्धा तासहि लागला नाहीं. डोळ्याचें भिंग धुरकटलें तें काढून त्या जागीं स्वच्छ भिंग बसविलें. पट्टी सुटल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही कीं, स्वैंपाकघराच्या भिंती पिवळ्या नसून पांढऱ्या आहेत. पुढें त्यांनीं लिहिलें होतें तें असें: जिन्याखालीं जुन्या बुटांच्या मागें त्या जानेवारीची एक बाटली राहून गेलेली सांपडली. ओतली. मागें वर्तमानपत्र धरलें. फुटबॉलचे सगळे निकाल वाचतां आले. पोरा, त्या रात्रीं तुला काय दिसलें होतें?

या प्रश्नास उत्तर लिहिण्यास आम्हांस एकोणीस दिवस लागले. पहिल्या मसुद्यांत आम्हीं वयाचा, पाहुणेपणाचा व हिंदी संस्काराचा उल्लेख केला होता. दुसऱ्यांत दिव्याच्या उजेडास थोडा दोष दिला होता. तिसरा इंग्रजी निबंधकारांच्या शैलींत उतरला, व तो वाचून आम्हांस स्वतःचीच शिसारी आली. पोस्टांत टाकलें तें पत्र चार ओळींचें होतें. त्यांत आम्हीं लिहिलें कीं, जमैकाच्या सामन्याची बातमी आम्हांस तिसऱ्या ओळीपर्यंत वाचतां आली होती. तें आम्हीं बोललों नाहीं. आणि आजी १९८८ सालींच वारली.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. उत्तर आलें नाहीं. येणार नाहीं अशी मनाची समजूत घालून झाल्यावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत नाताळचें एक कार्ड आलें. आजीविषयीं वाईट वाटल्याचें प्रथम होतें. त्याखालीं लिहिलें होतें: शेजाऱ्याकडून बॉयलर परत आणला. यंदाची बीअर गढूळ झाली आहे. वेटोळ्याची नळी गळत होती, थंड करण्यास दोन तास लागले. उत्तरेच्या खिडकींत मी स्वतः पाहिली आहे. जांवयाला तीच पाजणार आहें.